रोबो, पडदा आणि ओली फरशी

'फरशीवर पट्टी चिकटवली की रोबो तिच्यावरून चालतो' असं कारखान्यात माल वाहणाऱ्या रोबोंबद्दल कुणीतरी म्हटलंय. ते चुंबकीय पट्टीवरच्या एजीव्हीचं, म्हणजे आखलेल्या वाटेनेच जाणाऱ्या गाडीचं झालं. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या एका मासळी कारखान्यात इंटर्न म्हणून आठवडाभर मी ज्याच्या मागे फिरले तो एएमआर होता, म्हणजे लायडारने (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरने) भिंती-खांब बघून स्वतःच नकाशा करणारा आणि वाट शोधणारा रोबो.

नकाशा अर्ध्या दिवसात झाला. पण शीतगृहाच्या दारावर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा! माणूस खांद्याने ढकलून आत जातो, लायडारला ती भिंतच दिसते. रोबो दारासमोर ध्यानस्थ. 'तिथे अडथळा मोजू नको' असं सांगावं, तर पडद्यामागून येणारा माणूसही मोजला जाणार नाही. शेवटी त्याची हद्द दारापर्यंतच ठेवली, आतले क्रेट माणसंच नेतात.

दुसरी डोकेदुखी फरशी. ३१ जुलैला मासेमारीबंदी उठून माल नुकताच सुरू झालेला, वर पाऊस, खाली बर्फाचं पाणी. चाक जागच्या जागी फिरतं, एन्कोडर (चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर) मात्र पुढे गेल्याचं मोजतो. एरवी लायडार ही चूक सुधारतो; पण लांब बोळात दोन्ही बाजूंना सपाट भिंती, मग आपण किती पुढे सरकलो हे त्यालाही कळेना. मी दोन दिवस सेटिंग बदलत बसले. क्रेटवाले मामा म्हणाले, "अगो, तिथं खुणेला कायतरी उभं कर ना!" भिंतीला दोन चौकोनी खांब ठोकले, नकाशा पुन्हा केला, आणि गाडी सरळ चालू लागली.

मामांचं नाव अहवालात घालायला इंटर्नशिपच्या गाइडने नकार दिला, ते अजून खटकतं.