नातवंडाचं गाऱ्हाणं चाळीस माणसांसमोर कशाला?

सासुरवाशीण_देवगड: वाडीच्या ग्रुपवर काल कुणीतरी टाकलंय, "पस्तिशी उलटली तरी पाळणा हलत नाही. अशा मुलांमुळेच कोकणातल्या घरांना कुलपं लागली." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. गप्प बसणार होते, पण गेल्या चतुर्थीला आमच्याकडे गणपतीपुढे गाऱ्हाणं झालं. सासरे म्हणाले, "सुनेची कूस उजव आणि फुडल्या वर्साक पाळणो हालूंदे रे म्हाराजा." वाडीतली चाळीस माणसं एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मी आत मोदक वळत होते. दोनदा आयव्हीएफ फसलंय, हे फक्त सासूबाईंना ठाऊक. आणि कूस माझीच उजवायची, मुलगा नामानिराळा.

गुहागरचे_आबा: वाईट वाटलं, ताई. पण म्हाताऱ्याने देवाला नाही तर कुणाला सांगायचं? आम्ही दोघंच सात खोल्यांत. मुलगा-सून पुण्यात, 'आम्हाला मूल नकोच' म्हणतात. आमच्या हिने दुपटी शिवून ठेवलीत. दर दिवाळीत उन्हात घालते. विचारलं तर म्हणते, कसर लागेल.

हिशेबी_खेडकर: २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन्हीकडे माणसं २००१ पेक्षा कमी भरली. आजचे पस्तिशीवाले तेव्हा कॉलेजात होते. कुलपं चाकरमान्यांनी लावली, पाळण्याने नाही.

राजापूरचा_बागायतदार: कुलपं माकडांमुळे! परसात पडवळ लावून दाखवा. शहाळी झाडावरच फोडतात. नातू आणून काय, राखणीला बसवू?

हिशेबी_खेडकर: माकड की वानर? काळतोंडे पाला खातात, घरात शिरतात ते लालतोंडे.

राजापूरचा_बागायतदार: पाला? माझ्या फणसाच्या कुयऱ्या काळतोंड्यांनीच संपवल्या. चिपळूणच्या पुढे कधी आला होतात का?

हिशेबी_खेडकर: माझी काजूची दीडशे कलमं आहेत. अक्कल शिकवू नका.

राजापूरचा_बागायतदार: मग कुंपण काय केलंत तेवढं सांगा. करंटवालं केलं, तर वरून फांद्यांनी येतात.

हिशेबी_खेडकर: कडेच्या फांद्या तोडा. आणि कुत्रे पाळा, दोन तरी.

शुभचिंतक_दापोली: ताई, धीर सोडू नका. २०२१ च्या कायद्याने बाईला पन्नाशीपर्यंत उपचार घेता येतात.

सासुरवाशीण_देवगड: सल्ला मागितला नव्हता. पोटात सुया तुम्ही टोचून घेणार का?

गुहागरचे_आबा: बरं, चाळीस माणसांसमोर नको होतं, मान्य. आता देवाच्या कानात सांगायचं, म्हणजे सुनांना त्रास नको. झालं समाधान?

सासुरवाशीण_देवगड: टोमणा पोचला. पण खरंच कानात सांगा. आणि ती दुपटी वाडीत कुणाच्या बाळंतपणाला देऊन टाका, आबा. दर वर्षी काकूंनी ती का उलगडायची?

गुहागरचे_आबा: बाळंतपण आहे कुणाकडे? आमच्या वाडीत शेवटचं बारसं जेवलो ते कोविडच्या आधी.