मदत हवी आहे: पावसाळ्यात बाल्कनीतल्या खताचा चिखल होतोय

पुण्यात फ्लॅट, घरात चौघं. ओला कचरा डेपोत हवेविना कुजला की मिथेन (हवामान तापवणारा वायू) होतो, म्हणून मार्चपासून भोकं पाडलेल्या २० लिटरच्या ३ बादल्यांत खत करतोय. रोज साधारण पाऊण किलो भर पडते, सगळी सालं आणि देठं. शिजलेलं अन्न नाही.

उन्हाळ्यात छान भुसभुशीत झालं. जुलैपासून मात्र चिखल, आंबूस वास, अळ्या. (म्हणजे आत हवाच नाही. आता घरीच मिथेन बनवतोय की काय!) कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) दुप्पट केलं, ताक घालणं थांबवलं, दिवसाआड ढवळतो. पाऊस आत येत नाही. ओल शोषायला सुकी पानं सध्या मिळत नाहीत, वर्तमानपत्र घेत नाही.

सुताराकडचा भुसा चालेल का? प्लायवूडचाही त्यात मिसळलेला असतो. चालत असेल तर एक डबा ओल्याला किती घालायचा?