ऋषीपंचमीची भाजी: यंदा सिंगापूरच्याच मातीतली करूया का?

नमस्कार मंडळी,

गणपतीला अजून सहा आठवडे आहेत, पण आत्ताच लिहितेय कारण उशिरा लिहून उपयोग नाही, भाजी पेरायला वेळ लागतो. दरवर्षी आपण ऋषीपंचमीच्या भाजीचं सगळं सामान टेक्काहून, म्हणजे लिटल इंडियातल्या बाजारातून आणतो, त्यातलं बरंचसं विमानाने आलेलं आणि अळू तर बहुतेक वेळा फ्रोझन. यंदा जमेल तेवढी भाजी इथे पिकलेली घेऊया, असं मला मनापासून वाटतं.

आपली आजी काय सांगायची, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसात हाताने लावलेलं खायचं. मग परसातलंच खायचं तर ते आपण राहतो तिथलं नको का? आणि भाज्या काही परक्या नाहीत हो. इथे लाल बायम म्हणतात तो आपला लाल माठच, सिलोन स्पिनच म्हणजे मायाळू, आणि कांगकोंग म्हणजे नाळीची भाजी.

गेल्या शनिवारी सुंगेई तेंगाहला एका शेतावर गेले होते. गमबूट घातलेली एक आंटी लाल माठ मुळासकट उपटून टबात धूत होती, पाणी पार मातकट झालेलं, मी दोन जुड्या घेतल्या आणि घरी येऊन देठ मोडला तर कट्कन आवाज आला. इतक्या वर्षांत सुपरमार्केटच्या पिशवीतल्या माठाचा असा आवाज मी ऐकला नव्हता. लसूण आणि ओलं खोबरं घालून परतली, लेकीने तो गुलाबी रस भातावर ओतून दोनदा घेतला. एरवी पालेभाजी म्हटलं की ती टेबलावरून उठते.

कोणाचं काय म्हणणं?

– पुंगोलची वहिनी

* * *

वहिनी,

कल्पना छान आहे पण हिशोब बघा. प्रसादाला 120 माणसं, आणि इथली भाजी मलेशियाच्या भाजीपेक्षा बरीच महाग पडते. जागा नाही, वीज महाग, मजुरी महाग, शेतकरी तरी काय करणार? या देशात 90 टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं, आणि भाजीपाल्यातली इथे पिकणारी तर जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास. 2019 मधे सरकारने 2030 पर्यंत 30 टक्के गरज इथेच भागवायची असं ठरवलं होतं, ते नोव्हेंबर 2025 मधे बदलून 2035 चं नवीन ध्येय ठेवलं, कारण मधल्या काळात बरीच शेतं बंद पडली.

तरीपण मी तुमच्या बाजूचा आहे. मार्च 2020 मधे मलेशियाची सीमा बंद होणार म्हटल्यावर दुकानांतली रिकामी फळ्यांची रांग मी डोळ्याने पाहिलीय. जून 2022 ला त्यांनी कोंबड्यांची निर्यात थांबवली तेव्हा आमच्या खालच्या हॉकर सेंटरमधला (खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारातला) चिकन राइसवाला आठवडाभर स्टॉल बंद करून बसला होता. अंडी मात्र तेव्हाही मिळत होती, आणि जवळपास एक तृतीयांश अंडी तर इथल्याच फार्मवरची असतात. तेव्हापासून मी इथली अंडी सोडून दुसरी घेत नाही, दोन पैसे जास्त गेले तरी.

सगळी भाजी नको, पालेभाजी तरी इथली घेऊया. वरच्या खर्चातला माझा वाटा मी देतो.

– काका, क्लेमेंटी

* * *

काका, वहिनी,

मी मेलिंग लिस्टवर फारसा लिहीत नाही पण यात मला बोलायचंय. माझ्याकडे एनपार्क्सचा (इथल्या सरकारी उद्यान खात्याचा) अलॉटमेंट गार्डनचा, म्हणजे भाड्याने मिळणारा वाफा आहे, अडीच मीटर बाय एक मीटर, वर्षाला 57 डॉलर अधिक जीएसटी. एवढासाच आहे, पण लाल माठ महिन्याभरात काढणीला येतो, म्हणजे पंचमीच्या चार आठवडे आधी पेरला की बरोबर हाताशी. इथे रोज पाऊस-ऊन पाऊस-ऊन, माठाला काय हवंय अजून. माझ्या दोन वाफ्याशेजाऱ्यांनाही सांगतो, दोघी चिनी आज्या आहेत, मागच्या वेळी त्यांनी मला मुळं असलेली कांगकोंगची काडी दिली आणि बोटांनी मातीत किती खोल खुपसायची ते दाखवलं.

अळूचा कंद ज्यांच्याकडे असेल त्यांनी आत्ता लावला तर तेवढ्यात दोन-चार कोवळी पानं नक्की मिळतील. फक्त कुंडीखालच्या थाळीत पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचे डास होतात. आणि कृपा करून पार्क कनेक्टरच्या (बागा जोडणाऱ्या पायवाटेच्या) कडेला किंवा नाल्याजवळ अळू दिसला तरी तोडू नका, ती झाडं सरकारची, दंड होतो. शिवाय खाजऱ्या अळूची खात्री कोण देणार?

– से., यिशुन

* * *

मंडळी, किती बरं वाटलं!

मग असं ठरवूया. माठ, मायाळू आणि नाळीची भाजी त्या सुंगेई तेंगाहच्या शेतावरून, मी आंटीशी बोलून ठेवते, आदल्या दिवशी पहाटे काढून देईल म्हणालीय. शेवग्याचा पाला आमच्या ब्लॉकखालच्या कम्युनिटी गार्डनमधला, तिथल्या तमिळ काकांना विचारलंय. सुरण, पडवळ आणि कणसं यंदा टेक्काहूनच. अळू ज्याच्या कुंडीत येईल त्याने दोन पानं आणा, दोन म्हणजे दोनच चालतील, पण धुऊन आणा आणि चिंच मी घालते.

निवडायला दुपारी चार माणसं हवीत. विळी माझ्याकडे एकच आहे.

– वहिनी