‘प्रकरण’, ‘लफडं’ की आणखी काही?

टिळकवाडीकर
इथं बेळगावात भाचीच्या कॉलेजात गॅदरिंग आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी टेलर स्विफ्टच्या ‘ब्लँक स्पेस’वर नाचणार आहेत. निवेदन कन्नड आणि मराठी दोन्हीत हवंय. कन्नड एका मैत्रिणीनं लिहून दिलं, मराठी माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं, ‘या गायिकेच्या प्रेमप्रकरणांची प्रसारमाध्यमं सतत छाननी करत होती. २०१४ मध्ये तिनं त्यांना या गाण्यातून उत्तर दिलं.’ आईनं वाचलं आणि म्हणाली, “प्रकरणं लिहिलंस म्हणजे पोरगीला वाईट ठरवूनच बसलास की.” आता ‘प्रकरण’ला दुसरा शब्द काय? आणि गाण्याचं नाव मराठीत कसं सांगायचं? दोन मिनिटांचं निवेदन आहे, मला जास्त पांडित्य नको.

खानापूरवाला
आईंचं बरोबर आहे. पेपर उघडून बघा, घोटाळा प्रकरण, मारहाण प्रकरण, लाच प्रकरण. त्याच रांगेत प्रेमप्रकरण. लग्न ठरलं तर त्याला कोण लग्नप्रकरण म्हणत नाही. कन्नड पेपरातही पोलिसात गेलेलं ते ‘प्रकरण’च.
‘लफडं’ तर नकोच. ‘भानगड’ मजेशीर आहे. मोटार चालू होईना, काय भानगड आहे बघ, असं आपण मोठ्यानं विचारतो. खरं ‘तिची काय तरी भानगड आहे’ म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. शब्द तोच!

शहापूरचा मास्तर
पांडित्य नको म्हणालात, तरी थोडं सहन करा. संस्कृत नाट्यशास्त्रात ‘प्रकरण’ हा नाटकाचा एक प्रकार आहे. ‘नाटक’ म्हणजे प्रसिद्ध, पुराणातली कथा. ‘प्रकरण’ म्हणजे कवीनं स्वतःच्या डोक्यातून काढलेली कथा. ‘मृच्छकटिक’ हे प्रकरण. ते मराठी रंगभूमीवर आणणारे गोविंद बल्लाळ देवल बेळगावातच शिकले आणि त्यांचे शिक्षक होते गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. म्हणजे हा शब्द आपल्याच गावच्या शाळेतून गेलाय म्हणायला हरकत नाही.
सांगायचं ते हे की, पेपरवाले एखादीची ‘प्रकरणं’ छापतात तेव्हा पुष्कळदा या जुन्या अर्थानंच छापतात. कथानक कविकल्पित.

टिळकवाडीकर
सर, हे भारी आहे. खरं पोरं शिट्ट्या मारतील.

निपाणीची सून
दादा, प्रकरण राहू दे, आधी ते ‘छाननी’ काढा. छाननी उमेदवारी अर्जाची होते. एकीचा अर्ज बाद, दुसरीचा वैध, असलं प्रेमाचं कुठं असतं? पेपरवाले करतात त्याला आमच्यात ‘चघळणं’ म्हणतात. निपाणीत तंबाखू कशी चघळतात ते सांगायला नको, रस संपला तरी तोंडातून निघत नाही. आणि मोठ्यानं सांगत सुटायचं असेल तर ‘डांगोरा पिटणं’. कन्नडमध्ये ‘डंगुर’ म्हणतात. दवंडीच, दोन्हीकडं एकच.

अनगोळची
मी हे गाणं शंभरदा ऐकलंय, म्हणून सांगते. ‘उत्तर दिलं’ हे पण चुकतंय. ती कुठंही ‘मी तशी नाही’ म्हणत नाही. उलट पेपरांनी जी बाई रंगवली होती, सारखे बॉयफ्रेंड बदलणारी, चिडकी, संशयी, तीच बाई ती गाण्यात होते. तिनं स्वतः सांगितलंय की हे त्या रंगवलेल्या बाईच्या तोंडचं गाणं आहे. गंमत म्हणजे खूप लोकांनी ते खरंच धरलं.
आणि खपलं किती! अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरवर तिचंच ‘शेक इट ऑफ’ होतं, त्याला खाली ढकलून हे वर गेलं. स्वतःच्याच गाण्याची जागा घेणारी त्या यादीतली ती पहिली बाई. पेपरवाल्यांचाच माल, विकला हिनं.

शहापूरचा मास्तर
मग त्याला ‘उत्तर’ नाही, ‘सोंग’ म्हणा. सोंगी भजनात गडी लुगडं नेसून येतो तेव्हा तो बाई असल्याचा दावा करत नाही, आणि आपणही फसत नाही. इथं तिनं स्वतःचंच सोंग घेतलं. ‘ढोंग’ मात्र लिहू नका. ढोंगात समोरच्याला फसवायचं असतं.

खानापूरवाला
नावाचं काय? आमच्या दुकानदाराच्या भाषेत ‘खाली जागा’ होईल. साखर खाली झाली, तेल खाली झालं. कन्नडचा ‘खाली’, म्हणजे रिकामा. खरं पुण्याचा पाहुणा असला तर ‘खाली’ म्हटल्यावर जमिनीकडं बघेल.

टिळकवाडीकर
‘रिकामी जागा’ लिहून बघितलं. भाची म्हणाली, मामा, हे तर पाच मार्कांचं झालं, ‘रिकाम्या जागा भरा.’ ‘कोरी जागा’ बरं वाटतंय, फॉर्मवर असते तशी. आणि एक्स-बॉयफ्रेंडला ‘माजी प्रियकर’ लिहिलं तर ते माजी आमदारासारखं वाटतंय.

निपाणीची सून
‘आधीचा’ म्हणा की, सरळ. आणि प्रकरणाच्या जागी ‘नाव जोडणं’ घ्या. ‘हिचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं’, यात तिनं काय केलं असं कुठं येतच नाही. जोडणारे दुसरेच असतात.

अनगोळची
ताई, नाव! गाण्यात पण शेवटी नावच आहे. ती म्हणते, माझ्याकडं कोरी जागा आहे, तुझं नाव लिहीन. मग पेनचं बटण दाबल्याचा टिक् असा आवाज येतो. आम्ही तिथंच हात वर करतो नाचताना.

शहापूरचा मास्तर
हे सापडलं बघा. मराठीत नावाशी किती क्रियापदं लागतात. बारशात नाव ठेवतात, एकवचन. शेजारीपाजारी नावं ठेवतात, अनेकवचन. एका अनुस्वाराचा फरक, खरं एकाला पेढे मिळतात आणि दुसऱ्याला डोकेदुखी. लग्नात नाव घेतात, उखाण्यात. पेपरात नाव जोडतात. पोरगी शिकली तर नाव काढते. आणि कुणात खोट काढता येत नसेल तर आपण काय म्हणतो? ‘नाव ठेवायला जागा नाही.’
आता तुमचं गाणं बघा. नाव आहे, जागा आहे. लोकांनी हिला नावं ठेवली, तर ही म्हणते, या, जागा आहे.

टिळकवाडीकर
सर, पाया पडतो. आता असं लिहिलंय :
‘पेपरवाल्यांनी हिचं नाव रोज एकाशी जोडलं आणि ते चघळत बसले. मग हिनं त्यांनी रंगवलेल्या बाईचंच सोंग घेतलं. ऐका, नाव ठेवायला जागा!’
आई दोनदा वाचून हसली. म्हणाली, चालतंय, खरं ‘पेपरवाल्यांनी’ हळू म्हणा, पुढच्या ओळीत बसलेले असतात.
आता नवीनच भानगड झालीय. कन्नडवाल्या मैत्रिणीला हे आवडलं, तिलाही तिच्या निवेदनात असंच काहीतरी पाहिजे. गोकाक, बैलहोंगलकडचं कोण असेल तर ‘नाव ठेवायला जागा’ कन्नडमध्ये कसं बसवायचं सांगा की. शुक्रवारी तालीम आहे, गडबड आहे.