मदत हवी आहे: १९१२ सालच्या शिकारी रायफलींची नळी, दस्ता आणि वजन (डमीसाठी)

पॅटर्नवाला_उद्यमनगर:

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं वर्कशॉप आहे, फौंड्रीवाल्यांसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करतो. ओळखीतली काही पोरं एक लघुपट करतायत. काळ १९१२, जागा दाजीपूरचं जंगल, विषय संस्थानी शिकार. त्यांना दोन मोठ्या बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) रायफली हव्यात, एक दुनळी आणि एक बोल्टवाली (हाताने दांडा मागेपुढे ओढायची). दोन्ही डमी. गोळी सुटायचा प्रश्नच नाही.

दिग्दर्शकाचा हट्ट एकच: नटाच्या हातात वजन दिसलं पाहिजे. फायबरची बंदूक दिली की नट ती काठीसारखी फिरवतो. गव्यासाठी नेलेली रायफल अशी फिरत नाही, हे मलाही पटतं.

न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जाऊन आलो. काचेआडून आकाराचा अंदाज येतो, पण दस्त्याचा उतार, नळीची जाडी आणि हातातलं वजन कळत नाही. नेटवर पौंड-इंचांचे आकडे ढीगभर आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. कुठे ९ पौंड, कुठे ११, कुठे थेट १५. नळी कुठे २४ इंच, कुठे २८.

तर विचारायचं ते असं. १९१२ मध्ये आपल्याकडे कुठल्या बोअरची रायफल शोभेल? नळी किती लांब धरू? दस्ता सरळ की खाली झुकलेला? आणि पाच किलो म्हणजे जरा जास्तच होत नाही का? दिवसभर शूट आहे, पोरं कॉलेजची आहेत.

जुनी_काडतुसं:

आधी काळाचं बघू, बाकी त्यातून सुटत जाईल. ४५० नायट्रो एक्स्प्रेस (४५० म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात बोअर, पुढचे आकडेही तसेच) हे रिग्बी या विलायती बंदूकवाल्याचं १८९८ चं काडतूस, त्या वेळी गाजलेलं. पण १९०७ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये ४५० बोअरची आयात बंद केली. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचा बोअर तोच, त्यामुळे हा माल बंडखोरांच्या हाती जाईल ही भीती. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी बोअर थोडा इकडेतिकडे करून ४६५, ४७०, ४७५ अशी काडतुसं काढली. म्हणून दुनळी ४७० ची करा. ५०० ग्रेनची, म्हणजे साधारण ३२ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला २१५० फूट.

बोल्टवाली ४१६ रिग्बी करा, ती १९११ ची. मोठ्या माउझर ॲक्शनवर (बोल्टच्या यंत्रणेवर) बांधलेली. हॉलंड कंपनीच्या ३७५ चा मोह होईल, फोटो तिचेच जास्त सापडतात. पण ती १९१२ मध्येच आली, त्याच वर्षी दाजीपुरात दाखवली तर कुणीतरी जाणकार चिमटा काढणार.

वजनाचे आकडे जुळत नाहीत कारण तुम्ही वेगवेगळ्या बोअरचे आकडे एकत्र वाचताय. ३७५ बोल्ट ९ पौंड म्हणजे ४.१ किलोच्या आसपास, ४१६ रिग्बी साडेचार, ४७० दुनळी पाच. ५७७ सहा किलोला जाते आणि ६०० ची दुनळी सात किलोपर्यंत. तुमचा १५ पौंडाचा आकडा त्या ६०० चा असणार. पाच किलो जास्त नाही, ४७० चं तेच वजन आहे.

गंगावेस_८२:

भावा, पोरं कॉलेजची हायत म्हणतोस तर साडेतीन किलोवर भागव की. कॅमेऱ्याला वजन काटा लावून कोण बघतंय. आणि आपल्या राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ब्रॉंझ मारलं ती रायफल बघ, केवढी अवजड दिसती. वजन दिसायला आकार जाडजूड कर, आत पोकळ ठेव. विषय संपला.

रेंजवरचा:

गंगावेसकर, मॅचची रायफल आणि ही, दोघींचा वजनामागचा हिशोब वेगळा. ५० मीटरच्या रायफलला ८ किलोपर्यंत मुभा आहे, पण ते वजन हात स्थिर राहावा म्हणून. त्या २२ च्या गोळीला धक्का जवळपास नसतोच. शिकारी रायफलचं वजन खांद्यासाठी असतं.

जुन्या फौजी ३०३ रायफलचा धक्का १२-१३ फूट-पौंड (धक्क्याच्या ताकदीचं माप) धरा. ४७० चा, रायफल पाच किलोची असली तर, ५५ ते ६० च्या घरात. तीच रायफल चार किलोची केली की ७० च्या आसपास जातो. जेवढं वजन कमी तेवढा धक्का जास्त, व्यस्त प्रमाण. पण फार जड केली तर जंगलात मैलोन्‌मैल वागवायची कुणी? त्यामुळे बंदूकवाल्याने मधे कुठेतरी गाठ मारलेली असते.

यात एक गंमत आहे. बाहेरची जाडी तीच ठेवून बोअर मोठा केला की नळी हलकी होते, कारण भोक वाढलं तेवढं लोखंड कमी होतं. ३७५ आणि ४५८ च्या एकाच जाडीच्या २४ इंची नळ्या घेतल्या तर ४५८ ची सुमारे पावणेदोनशे ग्रॅमने हलकी भरते. म्हणजे जिला वजन जास्त हवं तीच हलकी. म्हणून मोठ्या बोअरला नळी मुळात जाड करतात. तुमच्या डमीत दोन्ही रायफलींची नळी एकाच जाडीची केली तर चुकीचं दिसेल.

लांबीबद्दल: नळी एक इंच कमी केली की वेग साधारण २०-३० फुटांनी घटतो. गव्यासमोर पन्नास पावलांवर त्याने फरक पडत नाही, पण जुने लोक २६ इंच पसंत करायचे. दुनळीला मागे बोल्टची लांबी नसते, त्यामुळे सारख्या नळीची दुनळी बोल्टपेक्षा तीन-चार इंच आखूड भरते. म्हणून दुनळी २६ आणि बोल्टवाली २४ ठेवा, शेजारी ठेवल्यावर बोल्टवालीच किंचित लांब दिसेल आणि ते बरोबर आहे.

दस्त्यावर मात्र जास्त वेळ घाला, खोटेपणा तिथेच उघडा पडतो. चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेचौदा इंच, नट बुटका असेल तर चौदा. फार झुकवू नका. दस्ता खाली उतरला की नळीची रेघ खांद्याच्या बरीच वर जाते, बार होताच तोंड उसळतं आणि दस्त्याची वरची कड गालफडात बसते. पण अगदी सरळही नको. दुर्बिणीसाठी गालाशी उंचवटा असलेला अमेरिकन दस्ता नंतरचा, तुमच्या काळात नेम धरायला नुसती पुढे माशी आणि मागे उघडी पानं. मागे तांबूस रबराचा पॅड.

आणि पट्ट्याची पुढची कडी लाकडात ठोकू नका. ती नळीवर, लाकडाच्या पुढे असते. लाकडात असली तर धक्क्याने मागे येऊन डाव्या हाताची बोटं सोलते. बहुतेक डमींमध्ये नेमकं हेच चुकतं.

पॅटर्नवाला_उद्यमनगर:

कडीचं सोनं सांगितलंत. मी लाकडातच धरली होती ड्रॉइंगमध्ये.

आता मालाचं विचारतो. अक्रोड इथं परवडत नाही. सागवान चालेल की शिसम? आणि नळीला एमएसची (साध्या पोलादाची) पाइप घेऊ का? लेथवर टेपर मारून देतो म्हणतोय शेजारचा.

जुनी_काडतुसं:

सागवान. घनतेला अक्रोडाच्या जवळपास, शिसम जड पडेल. पॉलिश गडद मारा.

पाइप अजिबात नको. आरपार भोक असलेली, टेपर मारलेली लोखंडी नळी वर्कशॉपात सापडली तर ती डमीसाठी आहे हे तुम्ही कुणाला पटवत बसणार? ॲल्युमिनियमची भरीव सळी घ्या. तोंडाशी इंचभर खोलगट करा, ४७० ला १२ मिलिमीटर, ४१६ ला साडेदहा, आतून काळा रंग. क्लोजअपला तेवढं पुरतं. बाहेरूनही काळपट निळसर हवं, चकाकी नको.

दोन सळ्या मिळून दीडेक किलो होतील. खऱ्या नळ्या त्याहून बऱ्याच जड असतात. ती तूट दस्त्यात शिसं ओतून भरू नका, मागचा भाग जड होईल. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या) जागी, दुनळी जिथे उघडते त्या कब्जाच्या पुढेमागे लोखंडी ठोकळा बसवा. चांगली दुनळी कब्जाच्या खिळीपाशी तोलली जाते, दोन हातांच्या मधोमध. बोटावर तोलून बघा, तिथं बसली की नटाला काही शिकवावं लागत नाही.

गंगावेस_८२:

बरं बाबा, पाच किलो तर पाच किलो. पण पळायच्या सीनला काय? पोरगं दहाव्या टेकला आडवं हुईल.

रेंजवरचा:

दोन प्रती करा. जड क्लोजअपला आणि हातात घेण्या-देण्याच्या सीनला, हलकी पळापळीला. तसंही शिकारीत मोठी रायफल साहेब स्वतः वागवत नसे, मागे बंदूक धरणारा असे. तो कशी देतो आणि हा कशी घेतो यावर दिग्दर्शकाने एक शॉट लावावा, वजनाचं काम तिथेच होईल. दुनळीला दोन चाप असतात, पुढचा बहुधा उजव्या नळीचा. नटाला बोट पुढच्यावरून मागच्यावर न्यायची सवय करायला सांगा. आणि बार झाल्यावर नुसता खांदा हलवून उपयोग नाही, आधीपासून अंग पुढे झुकलेलं पाहिजे.

शाहूपुरी_वकील:

काम सुरू करण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या: कशासाठी, किती नग, कुणाच्या ताब्यात, शूट कुठे आणि कधी. पोच घ्या आणि तिची प्रत सेटवर ठेवा. नेताना गाडीत झाकून न्या, पन्हाळ्याच्या रस्त्याला उघडी हातात घेऊन कुणी सेल्फी काढायचा नाही. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत शूट असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी. एकेकाळी ते संस्थानाचं शिकारीचं रान होतं, १९५८ पासून अभयारण्य आहे.

पॅटर्नवाला_उद्यमनगर:

शूट पन्हाळ्याच्या बाजूला खाजगी रानात आहे, अभयारण्यात नाही. अर्ज उद्याच टाकतो. सागवान आणि ॲल्युमिनियम ठरलं, दोन प्रतींचा खर्च दिग्दर्शकाच्या गळी उतरवायचा बाकी आहे. दुनळीचा ठोकळा बसला की तोल कुठे येतो ते इथंच टाकतो. तोवर कुणाकडे ४१६ च्या बोल्टच्या मुठीचा बाजूने काढलेला स्वच्छ फोटो असेल तर द्या, तिचा वाक मला अजून पकडता आलेला नाही.