मदत हवी आहे : चिनी कार्बन फ्रेम मागवून सायकल बांधायची आहे, दोनपैकी कोणती घेऊ?

सीटट्यूब :

मंडळी, ज्यांनी सायकल स्वतः बांधली आहे किंवा निदान पूर्ण उघडून परत जोडली आहे त्यांचा सल्ला हवाय. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगतो.

माझी ॲल्युमिनियमची रोड बाइक आहे. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) जुळतात तिथल्या वेल्डिंगला केसाएवढा तडा गेलाय. आधी रंग उडालाय असं वाटलं, पण चोळून पाहिलं तर नख अडकतं. वॉरंटी संपलेली. बाकी सगळा माल उत्तम स्थितीत आहे: शिमानो १०५ चा गिअर-ब्रेक संच, ११ स्पीड, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, क्रँक (पायडलचे हात आणि पुढची दातेरी चक्रं) ५०/३४, कॅसेट (मागची चक्रं) ११-३४. दोन्ही चाकं थ्रू ॲक्सलची (आरपार जाणाऱ्या, आट्यांनी आवळायच्या दांड्याची), पुढे १२×१००, मागे १२×१४२. हे सगळं उचलून नव्या फ्रेमवर चढवायचं, एवढाच बेत आहे. इथे नुसती फ्रेम विकणारे कमी, आणि नामांकित कंपनीची कार्बन फ्रेम घ्यायची तर आकडा लाखाच्या पुढे जातो. त्यामुळे गाडी चीनमधल्या शियामेनकडे, म्हणजे तिथल्या फ्रेम-कारखान्यांकडे वळली.

दोन फ्रेम नक्की केल्यात. दोन्हींत फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग), सीटपोस्ट (सीटची दांडी) आलं.

पहिलीला ‘अ’ म्हणतो. साधी एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फ्रेम, आट्यांचा बीबी, म्हणजे क्रँकचा दांडा फिरतो ती बेअरिंगची जागा (बीएसए, ६८ मिमी), २७.२ चा गोल सीटपोस्ट, ३२ मिमीपर्यंत टायर, केबल डाउन ट्यूबमधून (खालच्या तिरक्या नळीतून) आत. ४८० डॉलर.

दुसरी ‘ब’. एअरो, म्हणजे वारा कापणारी, प्रेस-फिट (आट्यांशिवाय दाबून बसवायचा) बीबी८६, डी आकाराचा सीटपोस्ट, टायर २८ पर्यंतच, हँडलबार आणि स्टेम (हँडलबार फोर्कला जोडणारा तुकडा) एकसंध, आणि सगळ्या केबल बारमधून हेडसेटमध्ये, तिथून फ्रेममध्ये, म्हणजे बाहेर एकही वायर दिसत नाही. ६२० डॉलर. दिसायला कशी आहे ते विचारू नका, फोटो बघून बायकोसुद्धा ‘बरी आहे’ म्हणाली.

मापं अशी, मिमीमध्ये (स्टॅक म्हणजे बीबीपासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उंची, रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर). जुनी सायकल: स्टॅक ५६५, रीच ३७८. अ: ५६२ आणि ३८०. ब: ५४० आणि ३८८. जुनीवर स्टेमखाली २० मिमीचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) आहेत आणि तशी बैठक मला ठीक वाटते. मी २०० आणि ३०० किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या) करतो, शर्यती नाही. घर पुण्यात, त्यामुळे कात्रज, खंबाटकी, पसरणी हे नेहमीचे घाट, आणि पावसाळ्यातही सायकल घरी बसत नाही.

ओळखीचा मिस्त्री म्हणतो प्रेस-फिट करकरतं, घेऊ नका. विक्रेता म्हणतो टी१००० कार्बन आहे, डोळे मिटून घ्या. शिवाय विक्रेता म्हणतो की खोक्यावर ‘गिफ्ट, ५० डॉलर’ लिहून पाठवतो, कस्टम लागणार नाही. हे कितपत खरं? फ्रेम आल्यावर ती धड आहे की नाही हे घरी कसं तपासायचं? आणि कार्बनचा स्टीअरर (फोर्कची वरची नळी, जिच्यावर स्टेम बसतो) घरी कापता येतो का?

आगाऊ धन्यवाद.

खटपट्या :

एवढा उपद्व्याप कशाला? चांगल्या टिग वेल्डिंगवाल्याकडून तडा भरून घ्या, हजार-दोन हजारात काम होईल. आमच्या एमआयडीसीत असे कारागीर आहेत की टाका शोधून सापडणार नाही.

पंक्चरवाला :

खटपट्या, टाका सुंदर होईल, त्यात वाद नाही. पण ६०६१ सारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. पुन्हा वेल्ड केलं की टाक्याच्या शेजारची पट्टी नरम पडते. कारखान्यात वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम भट्टीत घालतात ते त्यासाठीच. ती सोय नसेल तर पुढचा तडा टाक्याच्या बाजूला येतो, आणि तो सीट ट्यूबवर म्हणजे थेट बुडाखाली. प्रश्नकर्त्याने फ्रेम बदलावी हेच बरं.

मात्र वजनाच्या लोभाने कार्बन घेत असाल तर अपेक्षा माफक ठेवा. फ्रेम आणि फोर्क मिळून समजा ६०० ग्रॅम वाचले. सायकलसकट तुम्ही ८५ किलो असाल तर तासाभराच्या चढात जेमतेम पंचवीस सेकंद.

घाटमाथा :

मी अशीच एक फ्रेम मागवून बांधली आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी बैठकीचं बघू, कारण बाकी सगळं नंतर बदलता येतं, हे नाही. ‘ब’चा स्टॅक तुमच्या जुन्यापेक्षा २५ मिमी कमी आहे. ती उंची स्पेसरने भरून काढाल, पण स्टीअरर तिरका असल्याने वर चढताना बार मागेही येतो. ७३ अंशाच्या हेडट्यूबला (स्टीअरर ज्यातून जातो ती पुढची नळी) २५ मिमीमागे साधारण ७ मिमी. म्हणजे सारख्या उंचीवर ‘ब’चा रीच ३८१ धरा, तुमच्या ३७८ शी जवळजवळ जुळतो. कागदावर छान. पण तुमच्याकडे आताच २० मिमीचे स्पेसर आहेत. त्यात २५ घातले की ४५ झाले, आणि बरेच कारखाने कार्बन स्टीअररवर ३० च्या आसपास मर्यादा घालतात. बरं, बार-स्टेम एकसंध असल्याने स्टेम १० मिमी आखूड करून बघू, तिरका लावून बघू, असली सोयही नाही. बदलायचं तर अख्खा बार नवा. ‘अ’ मात्र तुमच्या जुन्या सायकलीची जुळी बहीण आहे, स्टेम-बार सगळं जसंच्या तसं चढेल.

आता बीबी. तुमच्या शिमानो क्रँकचा दांडा २४ मिमीचा. तो दोन्हीत बसतो, फक्त बेअरिंगचे कप वेगळे. बीबी८६ मुळात वाईट नाही, ती रचना शिमानोच्याच क्रँकसाठी केलेली आहे. भोक बरोबर ४१ मिमीचं आणि दोन्ही बाजू एका रेषेत असतील तर वर्षानुवर्षं आवाज येत नाही. भोक किंचित मोठं किंवा वाकडं निघालं तर बेअरिंग तिरकं बसतं, पायडलवर जोर दिला की करकर सुरू, आणि ती घालवताना माणूस वेडा होतो. यावर एकमेकांत आट्यांनी आवळले जाणारे कप मिळतात, त्यांनी बऱ्याचदा निभावतं. पण ‘अ’मध्ये ही भानगडच नाही. आट्यांचा बीबी कुठलाही सायकलवाला बदलून देतो. एवढंच लक्षात ठेवा की चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात.

पावसाळ्यात सायकल चालवता ना? मग हेडसेटमधून केबल नकोच. वरच्या बेअरिंगवर घाम आणि पाणी दोन्ही उतरतं, ते गंजणारच. साध्या हेडसेटचं बेअरिंग अर्ध्या तासात बदलून होतं. ‘ब’मध्ये त्यासाठी दोन्ही ब्रेकच्या नळ्या सोडवायच्या, नवे ऑलिव्ह (नळीच्या टोकाला दाबून बसणाऱ्या रिंगा) लावायचे, तेल भरून हवा काढायची. चाळीस रुपयांच्या कामासाठी भिंत पाडण्यातला प्रकार.

टी१००० वगैरे ऐकून भुलू नका. ही तोरे या जपानी कंपनीच्या कार्बनच्या धाग्याची प्रतवारी आहे. धागा उत्तम असूनही थर चुकीचे रचले तर फ्रेम लेचीपेची होते, आणि टी७०० मध्ये नीट रचलेली फ्रेम वर्षानुवर्षं चालते. विचारायचंच असेल तर आयएसओ ४२१० (सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) चाचणीचा अहवाल मागा, आणि त्यावर तुमचाच मॉडेल क्रमांक आहे का ते बघा. फोर्कचा अहवाल वेगळा मागा. फ्रेम तडकली तर बहुतेक वेळा आधी आवाज येतो, फोर्क तुटला तर सांगून तुटत नाही.

पंक्चरवाला :

घाटमाथाताईंच्या प्रत्येक मुद्द्याला +१.

गिफ्टचं सांगतो. डिसेंबर २०१९ पासून टपाल किंवा कुरिअरने ‘गिफ्ट’ म्हणून माल सोडवणं बंद आहे. सवलत आहे ती जीवनरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबत पाठवलेल्या भेटवस्तूलाही नाही, फक्त राखीला! त्यामुळे सीट ट्यूबला राखी बांधून मागवली तरी उपयोग नाही. कमी किंमत लिहिणं बेकायदा तर आहेच, शिवाय माल फुटून आला तर विमा लिहिलेल्या ५० डॉलरचाच मिळेल. खरं बिल लावा. कर आकारताना फ्रेमच्या किमतीत पाठवणावळ आणि विमा धरतात, त्यावर सीमाशुल्क, आणि मग या सगळ्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). कुरिअरवाले आधार-पॅन मागतात, ते आधीच तयार ठेवा.

पाठवणावळ बघून दचकू नका. कुरिअर आकारमानावर वजन लावतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. खोकं ११०×६५×२५ चं असेल तर आत अडीच किलोची फ्रेम असूनही हिशोब होतो पावणेछत्तीस किलोचा. म्हणून सुटे भाग त्याच खोक्यात मागवून घ्या. निदान दोन जादा हँगर (मागचा गिअर फ्रेमला अडकवायचा तुकडा) आणि मागचा ॲक्सल. त्या ॲक्सलच्या दोन आट्यांतलं अंतर १.०, १.५ की १.७५ मिमी ते विचारून ठेवा. पुढे हरवला तर शोधताना हाच आकडा लागतो. हँगर तर त्या फ्रेमचाच लागतो आणि इथे कोणाकडे मिळत नाही.

सीटट्यूब :

खूप आभार. पंचवीस सेकंदांनी मन मोडलं, पण ठीक आहे.

‘ब’चा मोह सोडला, ‘अ’ घेतोय. ताई, फ्रेम हातात आल्यावर काय काय बघायचं आणि स्टीअररचं काय, तेवढं सांगाल का? आणि ऑर्डर कुठून करायची? जुन्या लेखांमध्ये सगळे अलीएक्सप्रेसचं नाव घेतात.

घाटमाथा :

अलीएक्सप्रेसवर नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याकडे बंदी आली, ते लेख त्याआधीचे असतील. कारखान्याच्या किंवा विक्रेत्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या आणि क्रेडिट कार्डाने पैसे द्या, म्हणजे माल आलाच नाही तर बँकेकडे दाद मागता येते. एक पथ्य: एखाद्या बड्या कंपनीचं नाव चिकटवलेली फ्रेम स्वस्तात दिसली तर हात लावू नका. बिननावाची फ्रेम आणि नकली फ्रेम यांत फरक आहे.

खोकं उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा, खोक्याच्या सहाही बाजू दाखवा. मग काहीही जोडण्याआधी फोनला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा बीबीच्या भोकातून आत घाला. माझ्या फ्रेममध्ये बीबीच्या जरा वर रेझिनचा वाळलेला ओघळ होता, नखाएवढाच, पण गिअरची केबल नेमकी तिथे अडायची. पॉलिश पेपरने घासून काढला, काम झालं. ओघळ चालतो. कापडाला चुणी पडावी तशी धाग्यांची घडी बीबीपाशी किंवा हेडट्यूबपाशी दिसली तर मात्र फोटो काढून विक्रेत्याला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत एकही बोल्ट लावू नका.

नंतर हेडसेटची बेअरिंग कोरडीच बसवा. बोटाने दाबल्यावर डुलायला नकोत. मागचं चाक लावून दोन्ही चेनस्टेपासूनचं (बीबीकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांपासूनचं) अंतर मोजा. चाकाचा आउट (वाकडेपणा) आधीच काढलेला असू द्या, नाहीतर उगाच फ्रेमला दोष द्याल. ब्रेक कॅलिपर जिथे बसतो त्या सपाट जागेवर रंगाचा थर असतो बहुधा, तो खरवडा, नाहीतर रोटर (ब्रेकची चकती) घासत राहतो.

ब्रेकच्या नळ्या डाउन ट्यूबमधून न्यायच्या म्हणजे शिफ्टरपासून सोडवाव्या लागणारच. प्रत्येक नळीला नवा ऑलिव्ह आणि नवी पिन, जुनी परत वापरायची नाही. तेल शिमानोचं मिनरलच, डॉट (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक ऑइल) चुकूनही नको, सील फुगतात.

स्टीअरर घरी कापता येतो. बारीक दातांचं पातं, इंचाला ३२ दातांचं, चालतं. दोन जुने स्टेम स्टीअररवर आवळून मधल्या फटीतून करवत चालवा, काप सरळ येतो. मास्क लावा आणि काप ओल्या फडक्याने पुसत राहा, ती भुकटी फुप्फुसात जायला नको. पहिल्यांदा लांब ठेवून कापा, स्टेमच्या वर १०-१५ मिमी स्पेसर राहू द्या. महिनाभर चालवून बैठक पटली की मग शेवटचा काप. त्या वेळी स्टीअररचं टोक सगळ्यात वरच्या स्पेसरच्या ३ मिमी खाली असावं. आत एक्सपांडरच (आतून फुलून घट्ट बसणारा तुकडा) घालायचा. ॲल्युमिनियमला ठोकतात तो स्टारनट (चांदणीसारख्या पात्यांचा नट) कार्बनमध्ये ठोकला की स्टीअरर आतून ओरखडला जातो.

सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) घ्याच. स्टेम, सीट क्लॅम्प साधारण ५ न्यूटन-मीटर असतात, पण भागावर छापलेला आकडा प्रमाण माना. हाताच्या अंदाजाने आवळणारे मिस्त्री ॲल्युमिनियमवर खपून जातात.

खटपट्या :

वेल्डिंगचं मागे घेतो. तडा गेलेली फ्रेम टाकणार असाल तर मला द्या, भाच्याला स्टँड करून देतो.

सीटट्यूब :

घेऊन जा, कोथरूडला यावं लागेल.

ऑर्डर टाकली: ‘अ’, मॅट काळी, दोन जादा हँगर, एक ॲक्सल. बीबीचा पाना आणि टॉर्क रेंच विकत घेतोय. हँगर सरळ आहे का बघायचं गेज मात्र एकदाच लागणार, ते पुण्यात कोणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी हवंय.

पंक्चरवाला :

माझ्याकडे आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. फ्रेम आली की हँगर आधी बघा. नवीन हँगरही वाकडे येतात, आणि मग लोक दिवसभर गिअरची केबल पिळत बसतात.