फायनलचं खापर बॅकअप गार्डवर फोडणाऱ्यांसाठी

कॅन्ससकर: सकाळी कुणीतरी लिहिलंय, 'अमेरिकन फुटबॉलची ईगल्सविरुद्धची 2025 ची फायनल (सुपर बोल) आपल्या चीफ्सच्या एकट्या माइक कॅलिएंडोने घालवली, असली पोरं टीममध्ये घेतातच कशाला.' डोकंच फिरलं. अरे तो बॅकअप माणूस लेफ्ट गार्डला, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या लाइनमध्ये मधल्याच्या डावीकडे, आला कसा ते आठवा जरा! सीझनभर लेफ्ट टॅकल (लाइनचं डावं टोक) मिळेना, सुआमाताया झाला, मॉरिस झाला, हम्फ्रीज आला तर त्याचं हॅमस्ट्रिंग गेलं, मग जो थूनीसारखा गार्ड उचलून टॅकलला नेला आणि त्याच्या जागी हा. एक भोक बुजवायला दोन जागा कच्च्या केल्या. आमच्या क्वार्टरबॅक महोम्सला सहा सॅक (बॉल फेकायच्या आधीच आडवा), आणि ईगल्सचा डिफेन्स कोच फँजिओने एकदाही ब्लिट्झ, म्हणजे जादा माणूस, पाठवला नाही. त्यांच्या चौघांनी आमच्या पाच जणांना मागे रेटलं, त्यात स्वेटचे अडीच सॅक, तो तर एजवाला, कडेने येणारा. त्याचाही हिशोब गार्डकडेच मागणार का?

जर्सीचा ईगल: आणि मिल्टन विल्यम्सचे दोन सॅक? तो तर आतून, गार्डच्या समोरून येणारा ना? बॅकअप म्हणून सूट कशाला? 2017 ला आमच्या लेफ्ट टॅकल पीटर्सचा गुडघा गेला, बॅकअप वायटायला लेफ्ट टॅकलला उभं केलं, आम्ही ट्रॉफी आणली.

कॅन्ससकर: वायटाय ऑक्टोबरपासून त्या जागी खेळत होता हो! हा डिसेंबरपासून.

शनिवारपेठी: पहाटे पाचला उठून बघितलीय मॅच. हाफटाइमलाच ईगल्स 24-0 पुढे. पीएफएफचा (खेळाडूंना मार्क देणारी साइट) ग्रेड बघा, विषय संपला.

गार्डचा_बाप: ग्रेडचं नाव काढू नका. प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकला कोण कसं वाचवणार) काय कॉल झालं होतं हे ग्रेड देणाऱ्याला कुठून कळणार? माझा मुलगा शाळेत राइट गार्ड आहे, तोही बॅकअपच. कॉल होता लाइन डावीकडे स्लाइड, पोरगं बरोबर डावीकडे सरकलं, त्याच्या उजवीकडचा माणूस मागे उभ्या रनिंग बॅकने घ्यायचा तो त्याने सोडला, क्वार्टरबॅक आडवा. शिव्या कुणाला? माझ्या पोराला, त्याही शेजारी बसलेल्या आईबापांकडून. गाडीत घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही तो.

शनिवारपेठी: शाळेची मॅच आणि सुपर बोल एक नाही. ते ग्रेड देणारे प्रत्येक स्नॅप (डाव) बघतात, तुम्ही फक्त मुलाला बघता.

गार्डचा_बाप: स्नॅप दिसतो, कॉल दिसत नाही! कधी लाइनवर स्टान्समध्ये उभे राहिलायत का? मग गप्प बसा.

जर्सीचा ईगल: अहो ग्रेड राहू द्या बाजूला. विल्यम्सचं उत्तर अजून आलेलं नाही.

कॅन्ससकर: घ्या उत्तर. आत कॅलिएंडो हरला, मान्य. पण 2024 च्या फायनलला थूनी नव्हता तेव्हा अलेग्रेटी उभा राहिला, कोपराचा लिगामेंट फाटला तरी ओव्हरटाइमपर्यंत हलला नाही, जिंकलो. तोही बॅकअपच होता ना? त्याला वॉशिंग्टनच्या टीमला जाऊ दिलं आणि त्याच्या जागी तेवढा पक्का माणूस आणला नाही, ते आमच्या जनरल मॅनेजर वीचने. कॅलिएंडोने नाही.

जर्सीचा ईगल: थूनीला हलवायला नको होतं, एवढंच मानतो. विल्यम्सचे दोन सॅक कॅलिएंडोच्या खात्यातून काढणार नाही.